चौकटी, रेघा आणि सातबारा

भेंडवळचा घट मी पहिल्यांदा पाहिला तो मामाच्या खांद्यावर बसून. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात मोठे वर्तुळ आखतात. त्यावर अठरा धान्यांच्या राशी मांडतात : गहू, ज्वारी, तूर, हरभरा, जवस, सरकी, अंबाडी असे काय काय. मधोमध खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, आणि जवळपास पानविडा, करंजी, कुरडई, पापड. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत कोणती रास विस्कटली, पानविडा जागचा हलला का, हे पाहून वर्षाचे भाकीत सांगतात.

मामा सांगत होता, "हे पाय पोरी, ढेकळं म्हंजे पावसाचे चार मयने. पुरी म्हंजे पिरथवी. पानविडा म्हंजे राजा."

भाकितावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. त्यावरून दरवर्षी वाद होतात, ते होत राहोत. मला आदर आहे तो मांडणीबद्दल. पाऊस, पीक, चारा, राजा, तिजोरी एवढा संसार एका वर्तुळात मावतो, कारण तिथल्या प्रत्येक वस्तूला एकच अर्थ आहे आणि तो जमलेल्या गर्दीला ठाऊक आहे. करंजी कशासाठी, असे कुणी विचारत नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेले, तिथे प्रॅक्टिकलच्या वहीत चौकटी आणि बाण काढायची वेळ आली, तेव्हा उलटा अनुभव आला. सगळा वर्ग बाण काढत होता आणि त्या बाणाचा अर्थ काय, हे कुणाला सांगता येत नव्हते. एकाच्या वहीत बाण म्हणजे 'माहिती इकडून तिकडे जाते', दुसरीच्या वहीत 'हा त्याला बोलावतो', तिसऱ्याच्या वहीत नुसतीच शोभा. मार्क मात्र तिघांनाही सारखे.

हे पुस्तक त्या बाणांसाठी आहे. सॉफ्टवेअरच्या रचनेची चित्रे कशी काढावीत, कशी वाचावीत, आणि कधी काढूच नयेत, एवढाच त्याचा विषय.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात गेलात तर दरवाजा कुठे, भिंत किती जाड, हे डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअरमध्ये फिरता येत नाही. लाखो ओळींचा मजकूर समोर असतो, पण त्यातले दालन कुठे संपते आणि पुढचे कुठे सुरू होते, हे ओळी वाचून कळत नाही. म्हणून चित्र लागते. चित्रेही दोन जातींची. काय घडते, कशानंतर काय होते, हे दाखवणारी चित्रे वर्तनाची. यंत्र बंद असतानाही जे उभे असते, म्हणजे भाग कोणते, कोण कुणावर टेकून आहे आणि कोणत्या भिंतीपलीकडे कुणाचे चालत नाही, हे दाखवणारी चित्रे रचनेची. या पुस्तकात दुसऱ्या जातीचीच आहेत. पहिल्या जातीवर बाजारात पुस्तके पुष्कळ आहेत आणि ती चित्रे काढायला सोपीही जातात, कारण गोष्ट सांगणे माणसाला जन्मजात येते. थांबलेल्या गोष्टीचे वर्णन करणे अवघड.

इतिहास थोडक्यात उरकते. हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ साली संगणकाच्या कामासाठी प्रवाहचित्रे वापरली. ती वर्तनाची. रचना रेखाटण्याची गरज प्रोग्राम एका माणसाच्या डोक्यात मावेनासे झाल्यावर आली. १९७४ साली स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी भागाभागांतली गुंतागुंत कशी मोजावी हे मांडले. १९७६ साली पीटर चेन यांनी माहितीतल्या वस्तू आणि त्यांची नाती काढायची पद्धत दिली. नव्वदच्या दशकात प्रत्येक पंडिताचे चिन्ह वेगळे. ग्रेडी बूच क्लास दाखवायला ढग काढत, जेम्स रम्बॉ चौकोन. (पावसाची वाट पाहणाऱ्या आमच्या मुलखाला ढग आवडले असते, पण फळ्यावर वीस ढग काढून पाहा, हात दुखतो. चौकोन जिंकला ते बरेच झाले.) बूच, रम्बॉ आणि इव्हार जेकबसन एका कंपनीत एकत्र आले आणि त्यांच्या मेळातून निघालेली यूएमएल ही चित्रभाषा १९९७ साली ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने प्रमाण मानली. तिच्या आजच्या आवृत्तीत चौदा प्रकारची चित्रे आहेत. त्यांतली सात रचनेची : क्लास, ऑब्जेक्ट, पॅकेज, कंपोनंट, कंपोझिट स्ट्रक्चर, डिप्लॉयमेंट आणि प्रोफाइल. माझ्या नोकरीत यांतली चार वारंवार लागली, दोन क्वचित. प्रोफाइल मी एकदाच काढले, तेही परीक्षेत.

उदाहरण कोणते घ्यावे, यावर मी बरेच दिवस अडले होते. इंग्रजी पुस्तकांत ग्रंथालय, एटीएम आणि पिझ्झाची ऑर्डर ठरलेली. बुलढाण्याचे पुस्तक म्हणून लोणारचे सरोवर घ्या, असे दोघातिघांनी सुचवले. लोणार इतक्या ठिकाणी येते की ते मुद्दाम टाळले. शेवटी वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेले चित्र घेतले, जे जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत घरोघरी सापडेल. सातबारा.

महसूल खात्याचे गाव नमुने एक ते एकवीस. त्यांतला सातवा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कुणाची. बारावा पिकांची नोंदवही, म्हणजे त्या जमिनीत यंदा काय पेरले. दोन्ही एका कागदावर छापतात म्हणून सातबारा. मग ते एकच का केले नाहीत? हक्क पिढीतून एखाद्या वेळी बदलतो, पीक दर हंगामाला. ज्यांनी हे नमुने आखले त्यांनी जमिनीची माहिती तिच्या बदलण्याच्या वेगाप्रमाणे तोडली. डेव्हिड पार्नास यांचा १९७२ चा निबंध सॉफ्टवेअरच्या अभ्यासक्रमात आजही लावतात, त्याचे सार हेच आहे : कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडू नका, जे बदलण्याची शक्यता आहे ते हेरून प्रत्येक भागाच्या पोटात एकेक झाका. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. जी पिके तलाठी नोंदवत होता ती शेतकरी आपल्या फोनवरून नोंदवू लागला. बाराव्या नमुन्यात लिहिणारा हातच बदलला, सातव्याला धक्का लागला नाही. हक्क आणि पीक एकाच रकान्यात लिहिले असते तर पीक नोंदवायला दिलेला फोन मालकीलाही हात घालू शकला असता. क्लास डायग्राममध्ये या दोन चौकटी वेगळ्या काढायच्या आणि मधली रेघ एकाच दिशेने न्यायची : पिकाला गट माहीत हवा, गटाला पीक माहीत असायची गरज नाही. ही रेघ कोणत्या दिशेने आहे ते विद्यार्थ्याला सांगता आले, तर पहिले प्रकरण समजले असे मी धरते.

हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. खरेदी, वारस, बोजा, काहीही झाले की नोंद आधी नमुना सहामध्ये पडते, नोटीस निघते, हरकती ऐकतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि मग सातव्यात नवे नाव चढते. जुन्या नावाला कंस होतो. सहावा नमुना म्हणजे घडलेल्या गोष्टींची वही, सातवा म्हणजे आज काय आहे त्याची. वर्तुळातला आकडा म्हणजे एका चौकटीतून दुसरीकडे जाणारी रेघ, जी कागदावर काढायला जागा नव्हती म्हणून आकडा झाली. फेरफार कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो ही वर्तनाची गोष्ट आहे, ती आपल्या चित्रात येत नाही. ती घुसडायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही होतो.

आठ-अ म्हणजे खातेउतारा. गटाकडून पाहिले तर सातबारा, माणसाकडून पाहिले तर आठ-अ. एका गटात अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. मग 'एक हेक्टर वीस आर' हा आकडा कुणाच्या चौकटीत लिहायचा? गटाच्या लिहिला तर ते सगळ्या गटाचे क्षेत्र झाले, माणसाच्या लिहिला तर त्याच्या सगळ्या जमिनीचे. हा आकडा दोघांमधल्या नात्याचा आहे, म्हणून तो रेघेवर टांगायचा. यूएमएलमध्ये त्याला असोसिएशन क्लास म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण भावाभावांत वाटणी झालेल्या घरात हे न शिकवता कळते.

यापुढे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पुस्तकातले मला सर्वांत प्रिय उदाहरण इथे आहे. भोगवटादार वर्ग-१ आणि वर्ग-२. पहिल्याला जमीन विकायची मोकळीक, दुसऱ्याला त्यासाठी सरकारी परवानगी. 'वर्ग' हा शब्दच समोर, त्यात क्लास डायग्राम शिकवायला घेतलेले. त्यामुळे विद्यार्थी हमखास वर 'भोगवटादार' अशी चौकट काढतात, खाली दोन पिल्ले आणि वारशाचे पोकळ त्रिकोण. चित्र देखणे दिसते. पण ठरावीक प्रकारच्या वर्ग-२ जमिनी नजराणा भरून वर्ग-१ होतात, आणि बहुतेक संगणकभाषांत एकदा जन्मलेली वस्तू आपला क्लास बदलू शकत नाही. जुनी मारून नवी जन्माला घालावी लागते, तिच्या मागची सगळी वर्तुळे, सगळे बोजे नव्या ठिकाणी ओढत न्यावे लागतात. शिवाय हा वर्ग माणसाचा नाहीच. एकाच बाईची शिवारातली एक जमीन वर्ग-१ आणि दुसरी वर्ग-२ असू शकते. म्हणजे वर्ग हा धारणेचा एक गुण आहे, बदलता येणारा. एका शब्दाला भुलून काढलेला त्रिकोण पुढे दहा वर्षे छळतो. शब्द व्यवहारातले घ्यावेत, हे एरिक इव्हान्स यांनी २००३ च्या पुस्तकात आग्रहाने सांगितले, आणि ते खरेच आहे. तलाठी 'भोगवटादार' म्हणतो तर चौकटीतही 'भोगवटादार'च लिहावे, 'ओनर' नव्हे. पण शब्द घेतला म्हणजे त्याचा आकारही डोळे मिटून घ्यावा असे नाही. (तलाठ्यालाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. गाव अजून तलाठीच म्हणते, मीही.)

आणि मग 'इतर हक्क'. सातव्या नमुन्याचा हा एक रकाना. बँकेचा बोजा तिथे, सोसायटीचे कर्ज तिथे, कुणाच्या विहिरीतला हिस्सा, पाइपलाइनचा मार्ग, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळे तिथे. आणि कित्येक घरांत बहिणींची नावेही तिथेच. बाप गेला की मुलांची नावे कब्जेदार म्हणून वर चढतात आणि मुलींची बाजूला, बोजाच्या आणि पाइपलाइनच्या पंगतीत. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली संसदेने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, तरी चौकट जुनीच वापरण्याची सवय मोडायला वेळ लागला. माझ्या आईचे नाव बावीस वर्षे त्या रकान्यात होते. मी पाहिलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असा एक इतर हक्कांचा रकाना सापडला. कधी त्याचे नाव 'मिसलेनियस', कधी 'कॉमन', कधी 'यूटिल्स'. ज्यांच्यासाठी चौकट काढायला कुणाला वेळ झाला नाही ते सगळे तिथे. नव्या प्रणालीचे चित्र हाती आले की मी आधी तो रकाना शोधते आणि त्यात कोण कोंबलेले आहे ते पाहते. चित्र काढणाऱ्याने कुणाला महत्त्व दिले नाही, याचा पत्ता तिथे लागतो.

कंपोनंट डायग्रामसाठीही आपण सातबाऱ्याचा हात सोडणार नाही. हक्काची नोंद महसूल खात्याकडे, जमिनीचा नकाशा आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे, खरेदीखत नोंदणी व मुद्रांक खात्याकडे. तीन कार्यालये, तीन साहेब, तीन जिने. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहून ठेवले की एखादी संस्था जी प्रणाली आखेल तिच्यात त्या संस्थेतल्या बोलण्याचालण्याचाच नकाशा उमटेल. आपल्याकडेही दुय्यम निबंधकाची प्रणाली वेगळी, ई-फेरफार वेगळी, मोजणीची वेगळी. मग खत नोंदले की त्याची वर्दी फेरफाराकडे जावी म्हणून मध्ये जोडणी करावी लागली. हा कुणाचा दोष म्हणून सांगत नाही. चित्रात अशी जोडणी दिसली की 'इथे दोन साहेब आहेत' एवढे वाचता यावे.

आता माझी स्वतःची फजिती. पुण्यात नोकरीला असताना एका संस्थेच्या ठेवी-कर्जाच्या प्रणालीचे चित्र मी काढले होते. 'ठेव' आणि 'कर्ज' या दोन चौकटी, मध्ये मुद्दाम रेघ नाही. भिंतीवर लावले, सगळ्यांनी वाहवा केली. तीन वर्षांनी कर्जाच्या बाजूला बदल करायचा होता. मी चित्राकडे बोट दाखवून ठामपणे म्हणाले, ठेवीला काही होणार नाही. ३१ मार्चच्या रात्री ठेवींवरचे व्याज चुकले. मधल्या काळात कुणीतरी घाईत व्याजाचा दर थेट कर्जाच्या टेबलातून वाचायची सोय करून घेतली होती, आणि ते भिंतीवरच्या चित्राला कुणी कळवले नव्हते. चूक त्या घाई करणाऱ्याची कमी, माझी जास्त. चित्र काढून मी मोकळी झाले होते. तेव्हापासून भिंतीवरच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख लिहिते, आणि वर्षापेक्षा जुने चित्र असेल तर आधी कोड उघडून ताडून पाहते. आता प्लांटयूएमएल, मर्मेड यांसारखी साधने आहेत. चित्र मजकुरात लिहायचे, ते कोडच्या शेजारीच राहते आणि कोडबरोबर तपासलेही जाते. तरी पहिले चित्र पेन्सिलीनेच काढा, असा माझा हट्ट आहे. खोडता येते, आणि देखणेपणाचा मोह होत नाही.

पुण्यातच १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीमध्ये, वेगळ्या वाटेने पुष्कळ काम झाले : आधी काटेकोर प्रतिमान रेखाटायचे आणि त्यातून कोड यंत्राकडूनच तयार करून घ्यायचा. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ साली त्यावर लिहिलेला लेख जिज्ञासूंनी मिळवून वाचावा. तिथे चित्र बदलल्याशिवाय कोड बदलत नाही, त्यामुळे माझ्यासारखी फजिती होत नाही. पण ते चित्र खरेदीखतासारखे असते, एक कानामात्रा इकडची तिकडे चालत नाही. चहाच्या टपरीवर पाकिटामागे काढलेल्या चित्राकडून तेवढी अपेक्षा करू नये, आणि पाकिटामागच्या चित्रावर खरेदी करू नये.

किती लांबून पाहायचे, हा शेवटचा मुद्दा. जिल्ह्याच्या नकाशात मलकापूर, मेहकर, चिखली ही नावे आणि त्यांमधले रस्ते असतात. गाव नकाशात गट आणि शिव. गटाच्या टिपणात बांधाची लांबी. जिल्ह्याच्या नकाशात कुणी आपली विहीर शोधत नाही. सॉफ्टवेअरच्या चित्रांत मात्र सगळे एकाच कागदावर कोंबतात, सर्व्हरही आणि व्याज काढणारे फंक्शनही. सायमन ब्राउन यांनी सी-फोर नावाने चार अंतरे ठरवून दिली : भोवतालचे जग, मोठी दालने, दालनातले भाग, आणि कोड. यूएमएलची सातही चित्रे पाठ करण्यापेक्षा ही चार अंतरे सांभाळलेली बरी, असे माझे मत बनत चालले आहे. डिप्लॉयमेंटचे चित्र मात्र सोडू नका. सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूरच्या वरच्या अंगाला फोनला रेंज नसेल तेव्हा शेतकऱ्याने केलेली नोंद कुठे थांबते, फोनमध्ये, वाटेत की कुठेच नाही, हे दुसरे कोणतेही चित्र सांगत नाही.

पुस्तकातली चित्रे हाताने काढलेली आहेत. चौकटींतली नावे मराठीत, कोडमधली इंग्रजी नावे खाली बारीक अक्षरात. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात चिन्हांचा अर्थ दिला आहे, पुनरुक्ती वाटली तरी. पोकळ हिऱ्याचे चिन्ह मी कुठेच वापरलेले नाही. त्याचा नेमका अर्थ दोन जाणकारांनी सारखा सांगितलेला मी अजून ऐकला नाही, आणि ज्याचा अर्थ गर्दीला ठाऊक नाही ते घटात मांडू नये. भरीव हिरा आहे, पण एकाच ठिकाणी : गट नाहीसा झाला तर त्यातली पीकनोंद उरत नाही, तिथे. खातेदार गेला तरी गट राहतो, म्हणून तिथे साधी रेघ.

पाचव्या प्रकरणातल्या मोठ्या चित्रात महसूल आणि भूमी अभिलेख या दोन चौकटींमधल्या रेघेवर प्रश्नचिन्ह आहे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि नकाशावरून मोजलेले क्षेत्र पुष्कळदा जुळत नाही. त्यांतले खरे कोणते धरायचे, हे आमच्याच शेताबाबत अजून ठरलेले नाही. मोजणीची तारीख मिळाली आहे. तोवर ते प्रश्नचिन्ह छपाईची चूक समजू नये.

खामगाव,
अक्षय तृतीया